ठिय्या, टायमर आणि दोरी: पुलाच्या तोंडाशी अडकलेल्या एका रायडरचं प्रकरण

हवामान बदलावर आंदोलन करणाऱ्या एका गटाने रस्ता अडवला आणि ॲपवरच्या ऑर्डर पोचवणारा एक रायडर त्यात अडकला, हे ते प्रकरण. एका मोठ्या शहरातलं. शहर, गट, कंपनी यांची नावं गाळली आहेत आणि रायडरची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी यात शिरले ती चौथ्या दिवशी, मध्यस्थ म्हणून. त्यामुळे पहिल्या संध्याकाळचं वर्णन चार जणांनी आपापल्या परीने सांगितलेलं आणि एका अकरा मिनिटांच्या व्हिडिओत दिसलेलं जुळवून लिहिलं आहे. जिथे जुळलं नाही तिथे तसं म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

हवामान बदलावर काम करणारा हा गट तसा मूठभर लोकांचा. दोन वर्षं निवेदनं, सह्यांची मोहीम, परवानगी काढून केलेले मोर्चे, सगळं करून झालं होतं. दखल कोणीच घेत नव्हतं. मग त्यांनी रस्त्यावर बसायचं ठरवलं.

बसण्याआधी त्यांनी अभ्यास केला होता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. २०१९ च्या एप्रिलमध्ये एक्स्टिंक्शन रिबेलियन या हवामान चळवळीने लंडनचा वॉटर्लू पूल आणि ऑक्सफर्ड सर्कस अडवलं, त्याची जगभर बातमी झाली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला याच चळवळीतले आंदोलक ऐन सकाळच्या गर्दीत कॅनिंग टाउन स्टेशनवर भुयारी रेल्वेच्या टपावर चढले. फलाटावरच्या लोकांनी त्यांना खाली ओढलं. बर्लिनमध्ये ३१ ऑक्टोबर २०२२ ला एक सायकलस्वार महिला काँक्रीट मिक्सरखाली सापडली, आणि तिच्या मदतीला निघालेली अग्निशमन दलाची एक गाडी आंदोलनामुळे झालेल्या कोंडीत अडकली. ती महिला नंतर दगावली. त्या गाडीच्या उशिराने उपचारात फरक पडला नाही अशी जागेवरच्या डॉक्टरांची नोंद पुढे बातम्यांमधून आली, पण तोवर लोकांचं मत बनून गेलं होतं. २०२३ उजाडताना एक्स्टिंक्शन रिबेलियनच्या ब्रिटनमधल्या शाखेने लोकांची अडवणूक हे मुख्य हत्यार तूर्त बाजूला ठेवत असल्याचं जाहीर केलं. जर्मनीतल्या लेट्झ्टे गेनेराट्सिओन या गटाने २०२४ च्या जानेवारीत रस्त्याला हात चिकटवून बसणं सोडून दिलं.

बर्लिनवरून आमच्या या गटाने नियम केला: रुग्णवाहिका दिसली की अर्ध्या मिनिटात एक लेन मोकळी. त्याची तालीमसुद्धा घेतली. कॅनिंग टाउनवरून मात्र त्यांनी एवढंच उचललं की रेल्वे अडवू नये, कारण रेल्वे पर्यावरणाला बरी. फलाटावर चिडलेली ती माणसं कुठे निघाली होती, उशीर झाला तर त्यांचं काय होणार होतं, यावर बैठकीत कोणी बोललंच नाही.

आता रायडरची बाजू. निवडलेला चौक पुलाच्या तोंडाशी आहे. अलीकडे हॉटेलांचा पट्टा, पलीकडे रहिवासी इमारती. संध्याकाळी सात ते दहा या वेळात पुलावर पाहावं तिकडे पाठीला चौकोनी बॅग लावलेल्या दुचाकी. यातल्या बहुतेकांना पैसे ऑर्डरमागे मिळतात. अंतराचा दर लागतो तो ॲपच्या नकाशावरच्या अंतराला, गाडी प्रत्यक्षात किती फिरली त्याला नाही. थांबून राहण्याचे पैसे नाहीत. आणि पीक अवरचा इन्सेन्टिव्ह, म्हणजे वरचे जादा पैसे, ठरावीक आकडा गाठला तरच मिळतो: चौदा ऑर्डरचं टार्गेट असेल आणि तेरा झाल्या, तर तेराचा इन्सेन्टिव्ह मिळत नाही, शून्य मिळतो. ही शेवटची गोष्ट माहीत नसेल तर पुढचं काहीच कळणार नाही. गटातल्या कोणालाच ती माहीत नव्हती. मलाही नव्हती.

त्या संध्याकाळी

ठिय्या सात वाजून वीस मिनिटांनी सुरू झाला. पहिली दहा मिनिटं हॉर्न आणि शिव्या, दुसरं काही नाही. साडेसातच्या सुमाराला आपला रायडर गाड्यांच्या फटीतून वाट काढत पुढच्या रांगेपर्यंत पोचला. बॅगेत दोन ऑर्डर, हँडलवर फोन, फोनवर ऑर्डर पोचवायच्या वेळेचा, लाल झालेला टायमर.

"एवढी एक ऑर्डर देऊन येतो, मग मीपण बसतो तुमच्यासोबत," असं तो म्हणाला, यावर चौघांचंही एकमत आहे. चेष्टेत म्हणाला की खरंच, यावर नाही.

कडेला उभी असलेली स्वयंसेवक मुलगी जेमतेम विशीची. तिने विचारलं, "दादा, औषध वगैरे आहे का त्यात? असेल तर सोडते."

"सील आहे ताई. आत काय आहे ते मला कुठे दिसतं?"

"मग उघडून बघा ना."

"सील तुटलं तर पैसे माझ्या खात्यातून कापतात."

इथे पहिला निर्णय झाला आणि तो कोणी एकाने घेतला नाही. मुलगी बाजूला सरकायला तयार होती. मागून कोणीतरी ओरडलं की एक सोडला तर शंभर येतील. ती परत जागेवर आली. रायडरने तिच्या सरकण्याला होकार समजून गिअर टाकला होता. बॅनरची काठी पुढच्या मडगार्डमध्ये अडकली, गाडी डावीकडे कलंडली, आरसा शेजारी बसलेल्या एकाच्या खांद्याला लागला. बॅग उघडून एक डबा रस्त्यावर सांडला. आरसा लागलेला उठला, त्याने रायडरची कॉलर धरली, रायडरने त्याला ढकललं.

हे सगळं अकरा मिनिटांच्या व्हिडिओत आहे. गाजला तो तुकडा एकोणीस सेकंदांचा, कॉलर सोडवून ढकलण्यापासूनचा. रात्रीपर्यंत तो दोन प्रकारच्या मथळ्यांनी फिरत होता. एकीकडे 'कष्टकऱ्याने रिकामटेकड्यांना शिकवला धडा', दुसरीकडे 'शांततेत बसलेल्यांवर हल्ला'. दोन्हीकडे ताई आणि दादा गायब.

ठिय्या आठ वाजून पाच मिनिटांनी उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी रायडरने ॲप उघडलं तर आयडी बंद, म्हणजे ऑर्डर मिळणं बंद. कारणाच्या जागी 'गैरवर्तनाची तक्रार, चौकशी सुरू' एवढंच.

अडचण नेमकी कोणाची

मी पोचले तेव्हा दोन्ही बाजूंचे हिशोब पक्के झालेले होते. गट म्हणत होता, पंचेचाळीस मिनिटं म्हणजे काय मोठं, आम्ही पुढच्या पन्नास वर्षांबद्दल बोलतोय. रायडरांच्या नाक्यावर म्हणत होते, यांची पोटं भरलेली आहेत. दुसऱ्या वाक्यात तथ्य होतं, पण पूर्ण नव्हतं: बसलेल्यांत एकजण स्वतः सुट्टीच्या दिवशी डिलिव्हरी करणारा विद्यार्थी होता आणि त्याने ही गोष्ट दोन्हीकडे लपवली होती.

मी एकच काम सांगितलं. त्या पंचेचाळीस मिनिटांत कोणाचं काय गेलं ते कागदावर लिहायचं. हॉटेलवाल्याला पदार्थाचे पैसे मिळाले. ग्राहकाला परतावा मिळाला. परताव्याचा भार कंपनीवर पडला असेल, पण तेवढी तरतूद तिच्या हिशोबात असतेच. रायडरच्या रकान्यात मात्र लिहीतच गेलो: एक ऑर्डर रद्द, दुसरीला उशिराचं वाईट रेटिंग, इन्सेन्टिव्ह हुकला, मडगार्ड फुटलं, आणि वर आयडी बंद म्हणून पुढचे सगळे दिवस. ठिय्याचा उद्देश धोरण ठरवणाऱ्यांना टोचण्याचा होता. ती टोच वरपर्यंत पोचलीच नाही, वाटेत ॲपच्या हिशोबाने ती पुलावरच्या सगळ्यात खालच्या माणसाच्या अंगावर उतरवली. उशीर आंदोलकांनी केला हे खरंच. तो उशीर कोणाच्या खिशातून वसूल व्हावा, हे मात्र कंपनीने आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

एका थोरल्या रायडरने कागद बघून गटाच्या संयोजकाला विचारलं, "तुमच्या पत्रकात उष्णतेचं लिहिलंय. भर दुपारी सिग्नलला हेल्मेट घालून उभं राहिलात कधी?" संयोजकाने मान खाली घातली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात जगातल्या दोनशे चाळीस कोटींहून अधिक कामगारांना कामाच्या जागी अतिउष्णतेचा धोका असल्याचं म्हटलं आहे. तो आकडा गटाच्या पत्रकात छापलेला होता आणि त्या आकड्यातला एकजण त्यांच्याच बॅनरच्या काठीला अडकून पडला होता.

समोर असलेले पर्याय

पोलिसात जाणं हा पर्याय दोन्ही बाजूंनी पाच मिनिटांत सोडला. गटाला नको होतं हे उघड आहे. रायडरला नको होतं कारण तक्रार दिली की उलट तक्रार येते, आणि हेलपाट्यांचे दिवस कोण भरून देणार.

जाहीर माफीवर गटात दोन रात्री भांडण झालं. काहींना वाटत होतं की माफी मागितली म्हणजे अडवणूकच चूक होती असं मान्य केल्यासारखं होईल. रायडरने तो वाद एका वाक्यात निकालात काढला: "माफीचं काय करू? आयडी चालू करून द्या."

नुकसानभरपाई द्यावी का, हा त्याहून अवघड प्रश्न. एक बाजू म्हणाली की आम्ही भरपाई दिली की कंपनी मोकळी झाली, आणि उद्या अडकलेला प्रत्येकजण पावती घेऊन येईल. हे मला पटत होतं. तरी माझं मत द्यावं असं पडलं. काठी गटाची होती.

उरलेले पर्याय पुढच्या वेळेबद्दलचे होते. जागा बदलून इंधन कंपन्यांच्या किंवा सरकारी कार्यालयांच्या दारात बसणं. वेळ बदलणं. रायडरांना आधी कळवणं. डिलिव्हरी कंपनीला आधी कळवणं. किंवा दुचाकी हाताने ढकलत नेता येईल एवढी फट ठेवणं.

आधी कळवण्याला गटाचा मोठा विरोध होता, आणि त्याला कारण होतं. अचानक बसणं हीच त्यांची ताकद. खबर फुटली तर बसण्याआधीच उचलतात. ब्रिटनमध्ये २०२३ च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टने स्वतःला वस्तूला जखडून घेणं हा वेगळा गुन्हा केला, तसं उद्या इथेही होईल ही भीती त्यांना होती.

काय केलं आणि काय अंगाशी आलं

भरपाई दिली, गाजावाजा न करता. मडगार्ड आणि त्या एका संध्याकाळचा इन्सेन्टिव्ह, एवढीच. बंद आयडीच्या दिवसांची दिली नाही. ते पैसे कंपनीकडे मागायचे असं रायडरांनीच ठरवलं.

आयडीसाठी गट आणि रायडर दोघांनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं. ज्याला आरसा लागला त्यानेच 'माझी तक्रार नाही' असं लिहून सही केली आणि अकरा मिनिटांचा पूर्ण व्हिडिओ जोडला. हे त्याला सुचवायला मला एक दिवस धीर होत नव्हता. विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला. सहाव्या दिवशी आयडी सुरू झाला. पत्रामुळे झाला की चौकशीची ठरावीक मुदत संपली म्हणून, ते कोणीच सांगितलं नाही, कारण विचारायला समोर माणूसच नव्हता. चॅटवर येणारी उत्तरं आधीच लिहून ठेवलेली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या प्लॅटफॉर्म कामाविषयीच्या निर्देशात खातं बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यावा अशी तरतूद आहे, आणि सदस्य देशांना ती डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायची आहे. या शहरात तसं काही नव्हतं.

आता माझी चूक. पुढचा कार्यक्रम परवानगी काढलेल्या मोर्चाचा होता, म्हणजे गुप्ततेचा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, कंपनीला मार्ग आणि वेळ कळवू या, म्हणजे त्या भागात टायमर सैल करतील. थोरला रायडर म्हणाला, "नका कळवू. त्यांना कळलं की ते आमचाच बंदोबस्त करतात." मला तो जुन्या कटुतेतून बोलतोय असं वाटलं. पत्र गेलं.

मोर्चाच्या दिवशी कंपनीने त्या भागातल्या ऑर्डर चार तास बंद ठेवल्या. ॲपवर 'सुरक्षेच्या कारणास्तव सेवा तात्पुरती थांबवली आहे' असा संदेश. मोर्चा पाऊण तासात पुलावरून पुढे गेलासुद्धा. रायडर मात्र नाक्यावर गाड्या स्टँडला लावून बसून राहिले. पहिल्या वेळी एकाची संध्याकाळ गेली होती, या वेळी नाक्यावरच्या प्रत्येकाची गेली. आणि ती माझ्या पत्राने.

इटलीत २०२५ च्या उन्हाळ्यात असाच एक वांधा झाला होता. एका डिलिव्हरी कंपनीने तापमान वाढेल तसा थोडा जास्त दर जाहीर केला, आणि हा तर भर उन्हात काम करण्याचा मोबदला झाला म्हणून कामगार संघटना भडकल्या. शेवटी कंपनीने तो स्थगित केला. ग्रीसने उष्णतेच्या लाटेत ऐन दुपारी डिलिव्हरी थांबवण्याचे आदेश काढले आहेत. थांबवलं की जीव वाचतो हे खरं, पण ज्याला ऑर्डरमागे पैसे मिळतात त्याच्यासाठी थांबणं म्हणजे बिनपगारी सुट्टी. हे वाक्य मी स्वतः दोन आठवडे आधी बैठकीत बोलले होते. पत्र लिहिताना आठवलं नाही.

त्यानंतर कंपनीला काही कळवायचं नाही असं ठरलं. अचानक बसायच्या कार्यक्रमासाठी रायडरांच्या ग्रुपमधल्या एकाच विश्वासू माणसाला वीस मिनिटं आधी फोन करायचा, आणि त्याने पुढे 'पूल टाळा' एवढंच टाकायचं. हे एकदा करून पाहिलं. खबर फुटली नाही. पण उपयोगही अर्धाच झाला: गाडी चालवताना ग्रुप कोण बघतो? ज्यांनी बघितलं ते लांबच्या दुसऱ्या पुलावरून फिरून गेले, आणि त्या जादा अंतराचं पेट्रोल त्यांच्याच खिशातून गेलं, कारण ॲपला ते अंतर दिसतच नाही. आधी वेळ जात होता, आता पेट्रोल. भरणारा तोच.

शेवटी उरली ती फट. सगळ्यात साधा उपाय, आणि बैठकीत ज्यावर सगळ्यात कमी बोललो तो. रस्त्याच्या डाव्या कडेला दोरी बांधून पायी चालणारे आणि हाताने ढकललेल्या दुचाकी जातील एवढी वाट ठेवायची. इंजिन बंद, पाय जमिनीवर. 'एक सोडला तर शंभर येतील' या आक्षेपाला उत्तर असं ठरलं की येऊ द्यात शंभर. मोटारी तर अडलेल्याच राहतात, आणि बातमी मोटारींच्या रांगेचीच होते.

पहिल्या प्रयत्नात ही वाटसुद्धा फसली. दोरी बांधणाऱ्या मुलाने स्वतःच्या सायकलचं हँडल लावून माप घेतलं होतं. स्कूटर आली, आरशांसकट कशीबशी आत शिरली, आणि मागच्या कॅरिअरवर आडवी बांधलेली मोठी बॅग दोरीला घासून अडकली. मागे पाच जण खोळंबले. या वेळी कोणी कोणाची कॉलर धरली नाही. दोघांनी दोरी डोक्याच्या वर उचलून धरली आणि गाड्या खालून काढल्या.

परिणाम

गट अजून बसतो, पण कमी वेळा, आणि पीक अवर टाळून. संध्याकाळचे सात ते दहा त्यांनी सोडून दिले. गटातल्या काहींच्या मते यामुळे आंदोलनाची धार गेली, आणि बातम्या खरंच कमी झाल्या आहेत. दोघांनी गट सोडला. हा तोटा खरा आहे. रायडरांशी जमलं म्हणून तो भरून निघत नाही.

टायमर अडथळ्याच्या वेळी थांबावा ही मागणी कंपनीने मान्य केलेली नाही. पत्राला पोच आली, त्यात 'आमच्या पार्टनरची सुरक्षा हेच आमचं प्राधान्य' असं होतं. बंद आयडीच्या दिवसांचे पैसे मिळाले नाहीत.

उन्हाळ्यात गट आणि काही रायडर यांनी मिळून एकच मागणी महापालिकेकडे नेली: नाक्यांवर सावली आणि पिण्याचं पाणी. दोन ठिकाणी शेड झाल्या. तिसरी मंजूर आहे असं ऐकून आहे. शेडच्या अर्जावर ज्याचा आयडी बंद झाला होता त्याची सही नाही. त्याला मी दोनदा विचारलं. "चांगलं काम आहे, करा," म्हणाला. सही केली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी ते चार सेकंद, मुलगी सरकली आणि परत जागेवर आली ते. कडेला उभ्या असलेल्या माणसाला स्वतः निर्णय घ्यायचा अधिकार आहे की नाही, हे गटाने कधीच ठरवलेलं नव्हतं. रुग्णवाहिकेसाठी तालीम होती, कारण तिथे वाद नसतो. वाद होईल अशा माणसासाठी नव्हती. आता कडेच्या स्वयंसेवकाचा शब्द शेवटचा, मागून कोणी ओरडायचं नाही, असा नियम आहे. 'औषध आहे का' असं विचारायचंही बंद केलं. सीलबंद बॅगेतलं काय तातडीचं आणि काय नाही, हे कोणी ठरवायचं?

दुसरं, पूर्ण व्हिडिओ पहिल्याच रात्री बाहेर यायला हवा होता. तो गटाकडेच होता. त्यांनी दाबून ठेवला, कारण त्यात त्यांच्या माणसाने कॉलर आधी धरलेली दिसते. चार दिवसांनी तो कंपनीला गेला तोवर एकोणीस सेकंदांनी आपलं काम करून टाकलं होतं. तो त्याच रात्री दिला असता तर आयडी कदाचित बंद झालाही नसता. हे मी गटाला सांगितलं आहे आणि ते त्यांना आवडलेलं नाही.

तिसरं माझ्याबद्दल. थोरल्या रायडरने नको म्हटलं तेव्हा का, असं मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की मागच्या पावसाळ्यात पाणी तुंबल्यावर कंपनीने असाच भाग बंद केला होता. ही माहिती नाक्यावर प्रत्येकाला होती.

आणि दोरी. दुसऱ्या खेपेला माप घेताना गटाने नाक्यावरच्या एकाला बोलावलं. तो मोठी बॅग बांधलेली स्कूटर घेऊन आला, ती भिंतीलगत उभी केली आणि मुलाच्या हातातलं दोरीचं टोक घेऊन स्वतःच चार पावलं मागे गेला. "इथे," म्हणाला. मुलाने तिथे खडूने रेघ मारली. मग त्याने स्कूटर ढकलून पाहिली, थांबला, आणि बुटाने रेघ पुसून अजून वीतभर मागे सरकला. पावसाळ्यात बॅगेवर कव्हर असतं, ते फुगतं.